ड्रमांची वाट

लेकीच्या मोबाइलवरच्या खेळात शत्रूची नवी तुकडी निघाली की भोंगा वाजतो, आणि मला अजून पाण्याचा टँकर आठवतो. ते दुष्काळाचं वर्ष होतं. बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत टँकर आला की पाइपावर झुंबड उडायची. माझा धाकटा दीर तेव्हा असलाच खेळ खेळायचा. त्यात बुरूज असे मांडायचे, की शत्रूला वळणं घेतच यावं लागतं, घोळक्यानं धावता येत नाही. "वहिनी, आपुन ड्रम अशेच लावू, लोक एकेक करून येतील," तो म्हणाला, आणि गल्लीनं रिकाम्या निळ्या ड्रमांची नागमोडी वाट केली. आम्ही दोघं गच्चीवरून बघत होतो. टँकरचा भोंगा वाजला, घागर घेऊन सासूबाई सगळ्यांच्या आधी आत शिरल्या, आणि मागून पलीकडच्या गल्लीतली माणसंही घुसली. मागं फिरायला जागाच नव्हती. रेटारेटीत ड्रम धडाधड आडवे झाले आणि सासूबाईंचा हिरवा पदर दिसेनासा झाला. "आई, भाईर ये! अगं भाईर ये!" दीर ओरडत होता. टँकरवाल्यानं पाणी बंद केलं तेव्हा कुठं गर्दी हटली. सासूबाई आल्या त्या अंबाडा सुटलेल्या, कोपर सोललेल्या, घागरीत तळाला थोडं पाणी. "रडतो काय? पी आधी," त्या दिराला म्हणाल्या. आता लेक म्हणते, "आई, तूपण खेळ ना, सोपंय, कुणाला आत येऊ द्यायचं नाही बस." मी बघते, तर वळणावरून येणाऱ्या त्या चिमुकल्या शत्रूंच्या हातांत मला घागरी दिसतात.