रोस्टर सांगेल तेव्हा झोप

आमच्या नोकरीत सुट्टी साठत नाही, झोप साठत नाही. किस्से मात्र साठतात. मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतची, अश्विनी नगरची, शीतल शेवगावची. नगरमधल्या एकाच क्लासमधून आम्ही तिघी एअर होस्टेस झालो, आता पुण्यात एका खोलीत राहतो. तिघी एकाच वेळी जाग्या आहोत असा दिवस महिन्यातून एखादा. त्या दिवशी हे किस्से निघतात आणि आम्ही हसतो. निदान पूर्वी हसायचो.

*

दिवाळीत मी एसटीने घरी निघाले होते. आदल्या चार दिवसांत दोनदा पहाटेची, दोनदा रात्रीची ड्युटी झाली होती. सीटवर बसले ती झोपलेच. राशीनला गाडी थांबली, माणसं उतरायला लागली, आणि मी झोपेतच उठून दारापाशी उभी राहिले. हात जोडून एकेकाला धन्यवाद म्हणत होते म्हणे. शेवटी कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमी बसा. ही ड्युटी माजी हाय."

*

अश्विनीला बघायला श्रीगोंद्याचे पाहुणे आले. ती सकाळीच विमानातून उतरून नगरला पोचली होती. मुलाच्या आईने शिक्षण विचारलं. बी.कॉम. एवढं सांगून, कोणत्या वर्षी ते आठवता आठवता ती खुर्चीतच झोपली. वडील तिला हलवायला उठले, तर मुलाची आईच म्हणाली, झोपू द्या लेकराला. मंडळी हळू आवाजात बोलत चहा पिऊन गेली. आम्हाला वाटलं, भली माणसं आहेत, जमलं. दोन दिवसांनी निरोप आला.

"पोरगी लई चांगली हाय. पन जागी कधी असती?"

*

मग अश्विनीने ऑफिसात थकव्याचा फॉर्म भरला. त्यांनी तिला डॉक्टरकडे पाठवलं, तेही सुट्टीच्या दिवशी, सकाळी सातला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, रोज ठरल्या वेळी झोपावं. ती चिठ्ठी तिने ड्युट्यांचं रोस्टर लावणाऱ्या साहेबांना दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, "मग झोपत जा ना."

तो फॉर्म आमच्यापैकी कुणी परत भरला नाही.

*

शीतलची मुलगी चार वर्षांची. ती शेवगावला आजीकडे असते. शीतल महिन्यातून दोनदा जाते. ऐन वेळी रोस्टर बदललं की तेही नाही. परवा आमच्या सुट्ट्या जुळल्या, म्हणून मी दुपारी तिच्याकडे शेवगावला गेले. ती सकाळी पोचली होती आणि आत झोपली होती. आल्यापासून पोरीशी चार शब्दही बोलली नाही, असं शीतलची आई सांगत होती. मुलीसाठी आणलेली बाहुली अजून बॅगेतच होती.

बाहेर ओट्यावर मुलगी शेजारच्या मैत्रिणीबरोबर खेळत होती. म्हणजे मैत्रीण नुसती गप्प बसली होती, आणि शीतलची मुलगी तिच्याजवळ डोळे मिटून पडली होती. मी विचारलं, काय खेळताय गं?

"आई-आई," मैत्रीण म्हणाली.

"मग ही झोपली का?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. ती आई झालीया."