कट लागल्याचा आवाज

पंच होण्याआधी ते पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी खात्याच्या संघाची विकेटकीपिंग करायचे. एका उसळलेल्या चेंडूने त्यांची उजवी तर्जनी मोडली आणि ती धड जुळलीच नाही. कीपिंग सुटलं, पण मैदान काही सुटेना, म्हणून त्यांनी पंचांची परीक्षा दिली. बाद देताना बोट वर जायचं खरं, पण शेंडा डावीकडे कललेला असायचा. एका फलंदाजाने तर विचारलंच, "मी आउट, की तो पॉइंटवरचा?" तेव्हापासून सगळे त्यांना वाकडेपंच म्हणू लागले. त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

क्लबचे सामने, मग राज्याचे, मग देशातले, असं करत चाळिशी उलटल्यावर त्यांना पहिला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला. खात्यातली नोकरी त्यांनी सोडली. वर्षातले सहा-सात महिने बाहेर. मुलगी बोलायला लागली तेव्हा बाबा म्हणजे टीव्हीतला टोपीवाला, अशी तिची समजूत होती.

आधी लक्षात आलं ते बायकोच्या. दौऱ्यावरून घरी आले की ते टीव्हीचा आवाज वाढवत बसायचे.

"अहो, दाराची बेल कधीची वाजतेय!"

"स्टेडियममधल्या गोंगाटाची सवय झालीये गं."

"स्वयंपाकघरात कुठला आलाय गोंगाट?"

तिने त्यांना ओढतच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डाव्या कानाला बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येत नव्हते. बोलणं कळत होतं, पण चेंडू बॅटला निसटता लागून गेला तर होणारी टिक नेमकी हरवत होती. त्यांनी जोडीदार पंचाच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "गप्प राहा. चुकलं तर मशीन आहेच." वाकडेपंच गप्प राहिले. त्या मोसमात ते स्टंपमागे उभे राहताना मान जराशी वळवून उजवा कान पुढे करायचे.

मग तो सामना आला. नव्या पोराचं पदार्पण, गोलंदाजी अप्रतिम, आणि हाती एकही बळी नाही. शेवटी एक चेंडू बॅटजवळून कीपरच्या हातात गेला. सगळा संघ ओरडला. पंचांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी नाबाद दिलं. संघाचे रिव्ह्यू संपलेले, त्यामुळे मशीनकडे दाद मागायची सोय नव्हती. मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवलं, तेव्हा कट लागल्याचं सगळ्या स्टेडियमने पाहिलं.

खेळ थांबल्यावर पोरगा पॅव्हेलियनच्या पायऱ्यांपाशी त्यांच्याकडे आला. भांडायला नव्हे, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "सर, लागला नव्हता का?"

"लागला होता," ते म्हणाले. "मला ऐकू आला नाही."

पोरगा मान हलवून निघून गेला. वाकडेपंचांनी पॅड सोडणाऱ्या खेळाडूंमधून वाट काढत सामनाधिकाऱ्याची खोली गाठली आणि कानाचं सांगून टाकलं. त्याने आधी दार लावून घेतलं, मग पाणी दिलं आणि विचारलं, "हे कधीपासून?" त्यांनी तेही सांगितलं.

पुढची दोन वर्षं त्यांनी टीव्ही पंच म्हणून काढली. बंद खोली, समोर पडदे, कानावर हेडफोन आणि हवा तेवढा आवाज. निर्णय अचूक यायचे, पण पायाखाली गवत नाही म्हणून ते कुरकुरत. करार संपला तसे घरी आले.

घरात मात्र नवीच अडचण उभी राहिली. इतकी वर्षं एकटीने संसार हाकलेल्या बायकोला हा चोवीस तासांचा नवरा झेपेना. ती भाजी चिरत असताना ते मागे हात बांधून उभे राहायचे आणि निरखून बघायचे. शेवटी तिने क्लबच्या सेक्रेटरीला फोन केला, "भाऊजी, ह्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर मीच ह्यांना बाद देते!"

आता ते रोज सकाळी क्लबवर नव्या पंचांना शिकवतात. पहिल्या दिवशी मुलं वह्या उघडून बसतात, नियम सांगतील म्हणून. ते म्हणतात, "दोन-दोन तास जागचं हलता येत नाही. चहा बेताने प्या."