पिशवीत बांधलेला वाटा

माझ्या पहिल्या शिकारीत रानडुक्कर मिळालं, तेव्हा मनात एकच होतं, आपला वाटा बाबांपर्यंत पोचवायचा. आजारपणात त्यांचं जेवण सुटलं होतं आणि महिन्याभरात त्यांनी तोंडाने मागितलेली शिकारीचं मांस ही एवढीच गोष्ट होती. मी यादी करूनच निघालो होतो: सुरी, मीठ, दोरी, धुतलेली प्लास्टिकची पिशवी.

पवनीजवळच्या जंगलात आमच्यासोबतच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने पळसाच्या पानांवर वाटे मांडले. माझी पिशवी पाहून तो म्हणाला, "गरम मास प्लास्टिकात कायले बांधतं, बाबू? पानात ठेव, वारा लागू दे."

"माशा बसतात, काका," म्हणत मी पिशवीचं तोंड घट्ट आवळलं. मग वैशाखाच्या उन्हात पाच तास सायकल मारली.

घरी आई मसाला वाटून बसली होती. "आण लवकर, तुहे बाबा सकाळपासून उठून बसले हायेत."

पिशवी सोडताच आंबट वाफ आली. आई नाकाला पदर लावून मागे सरली. मांस चिकट झालं होतं. मी ते सगळं परसात पुरलं.

"चुलीवर चढलं का रे?" बाबांनी आतून विचारलं.

"खराब झालं, बाबा."

"असू दे," म्हणून ते आडवे झाले. त्यानंतर त्यांनी काहीच मागितलं नाही.