जिवाने बांधलेली दोरी

जामसरच्या जिवाकडे त्याचा नातू कमलेश कागद घेऊन आला तो दोन हजार आठच्या नवरात्रात. नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या या पोराला पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. त्यांच्या घरात नवा विळा असो की कामाचा कागद, थोरल्याने कणसरी या धान्याच्या देवीपुढे ठेवून कुंकू लावल्याशिवाय कुणी तो वापरायला घेत नसे. आता घरात थोरला जिवाच.

कारखान्यात काय बनतं, असं जिवाने सहज विचारलं. कमलेश खुशीत सांगू लागला. सैन्यासाठी माणसाशिवाय चालणारी गाडी, तिच्यावर बंदूक. आज लांब बसलेला जवान बटण दाबतो, पण साहेब म्हणतात की पुढे त्याचीही गरज राहणार नाही. समोर कोण आहे ते गाडीच ओळखेल आणि गोळी घालेल.

"आपलं एकही पोरगं सरहद्दीवर मरणार नाही, आजा."

जिवाने उघडलेला कुंकवाचा करंडा तसाच मिटला.

अठरा वर्षांपूर्वी भात पिकलं की रानडुकरं शेतात उतरायची. जिवाकडे ठासणीची बंदूक होती. ती खुंटाला बांधून तो चापाला दोरी लावायचा आणि दोरी बांधावरून गुडघाभर उंचीवर ताणायचा. डुकराचा धक्का लागला की बार उडायचा. दोरी बांधायच्या दिवशी घरोघरी हाळी द्यायची आणि उजाडताच ती सोडायची, हा गावाचा नेम. जिवाने हाळी दिली होती. पण त्याच्या भावाची बायको गंगी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला दाभोशाला गेलेली. ती पहाटेच निघून आली आणि घर जवळ पडतं म्हणून बांधावरून चालली. जिवा दोरी सोडायला निघायच्या आतच बार झाला. गंगीचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. जव्हारच्या दवाखान्यात तिने जिवाचं नाव घेतलं नाही.

गाव जमलं तेव्हा जिवा म्हणाला होता, "मी तर घरी निजलो होतो." लोक एकेक करून उठून गेले. ते उठून जाणं त्याला अजून सलत होतं.

त्याने हे सगळं कमलेशला सांगितलं. पोरगा चिडला नाही. म्हणाला, "तुझ्या दोरीला डोळे नव्हते, आजा. हिला कॅमेरा आहे." जिवा उठला. तो कमलेशला घेऊन शेजारी गंगीकडे गेला.

ती ओट्यावर नागली पाखडत होती. "ये रे साहेबा, पुण्याला जाण्याआधी म्हातारीची आठवण झाली का," म्हणून तिने चिडवलं. मग सगळं ऐकून घेतलं. सूप खाली ठेवलं.

"ओळखून मारील म्हणतोस. आणि चुकली तर? तुझा आजा सहा महिने माझ्या खाटेपाशी येऊन बसला. मी शिव्या घातल्या, त्याने ऐकल्या. माझं भात अजून तोच लावतो. सरहद्दीपलीकडच्या बाईने कुणाला शिव्या घालायच्या?"

"मी नुसत्या वायरी जोडणार, आजी."

"यानेपण नुसती दोरीच बांधली होती."

गंगीने पुन्हा सूप उचललं.

पुढचे तीन दिवस कागद कणसरीपुढे पडून होता. जिवा रोज अंघोळ करून तिथे बसायचा, देवीला विचारायचा आणि तसाच उठायचा. पोराला अडवावं, तर गावात काम कुठलं? कुंकू लावावं, तर हात पुढे जाईना. लढाईत जाणारी पोरं वाचतील हे खोटं नव्हतं. पण पलीकडे कोण बांधावरून चाललं असेल, हे देवालाच ठाऊक.

रविवारी जीप आली. कमलेश पाया पडला. जिवाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तेव्हा पोराने देवीपुढचा कुंकू न लागलेला कागद स्वतःच उचलला आणि खिशात घातला.