आत न येता लिहिलेला शेरा

तपासणीचा साहेब आमच्या हॉटेलाच्या दारापासून चांगला दहा पावलं लांब, सडकेच्या कडेला उभा राहिला. नाकाला रुमाल. शिपायानं माझी वही त्याच्यापुढे धरली आणि त्यानं उभ्याउभ्याच लिहिलं. मग शिपायानं वही बाकावर टाकली. हातात दिली नाही. टाकली.

मी म्हटलं, "साहेब, आत येऊन पाहा ना."

"आत यायची गरज नाही," तो म्हणाला. "तुमच्या लोकांचं स्वयंपाकघर कसं असतं, मला माहीत आहे."

बाकावर दोन ट्रकवाले जेवत होते. त्यांच्यासमोर बोलला. एकाचा घास हातातच राहिला.

मी चौथी शिकलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचलं. 'स्वयंपाकघर अस्वच्छ. उंदीर व झुरळांचा सुळसुळाट.' खाली मालकानं सही करायची असे. शिपाई म्हणाला, "कर वो लवकर, साहेबाले टाइम नाही."

मी सही केली. ती सही मला अजून डाचते.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. लाखनीला मोठ्या सडकेवर आमचे हे ट्रकचे पंक्चर काढायचे. चाक खोलायचं, ट्यूब तपासायची, ठिगळ लावायचं, तोवर ड्रायव्हर बसून राहायचे. त्यांना भूक लागायची. आधी मी घरून भात आणि वांग्याची भाजी आणून द्यायची. मग तिथेच चूल मांडली. मागून बांबूच्या तट्ट्याची भिंत, वरून कवेलूचं छप्पर, पुढे दोन बाक. आम्ही बौद्ध. ड्रायव्हर लांबलांबचे, ते जात विचारायचे नाहीत. गावातला माणूस मात्र आमच्या बाकावर कधी टेकला नाही.

लायसन माझ्या नावानं काढलं. लायसनसोबत ती वही. आरोग्य खात्याचा साहेब तपासणीला आला की तीत शेरा लिहिणार. तीन शेरे खराब आले की लायसन जाणार, असं पंचायतीच्या बाबूनं सांगितलं होतं. लोक तपासणीला भितात. मी त्या साहेबाची वाट पाहत होते. खरंच सांगते, सणाची पाहावी तशी.

कारण मला दाखवायचं होतं. शाळेत मास्तरीण बाई आम्हा पोरींना मागे बसवायच्या आणि म्हणायच्या, घाणेरड्या. मी रोज आंघोळ करून जायची तरी घाणेरडी. ते डोक्यात बसलं होतं. म्हणून हॉटेल टाकलं तेव्हा मी वेड्यासारखी राबले. मागे धानाची गिरणी होती, त्यामुळे उंदरांना तोटा नाही. एकेक बीळ शोधून त्यात काचा कोंबल्या, वरून सिमेंट भरलं. तांदूळ पत्र्याच्या पेटीत. चुलीला रोज पांढऱ्या मातीचं पोतेरं. भांडी राखेनं घासून उन्हात पालथी. फटींमध्ये उकळतं पाणी ओतायची, कणकेत साखर आणि बोरिक पावडर मळून गोळ्या ठेवायची. झुरळ दाखवा म्हटलं असतं तर दाखवता आलं नसतं. रोज संध्याकाळी सुक्या मासोळीचा तुकडा लावून पिंजरा ठेवायची. बाहेरून आलेला एखादा उंदीर सापडायचाच. सकाळी गिरणीमागच्या बोडीवर जायचं आणि पिंजरा पाण्यात बुडवायचा.

हे सगळं त्यानं पाहिलंच नाही. वही बाकावर पडली आणि तो शेजारी गेला.

शेजारी सुमनबाईचं भोजनालय. तिच्या हातचं पाणी साऱ्या गावाला चालायचं. नवरा गल्ल्यावर बसायचा, ती आत रांधायची. त्या दिवशी मी मागून गेले आणि तिच्या तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. साहेब चपला काढून आत गेला. वरणाच्या गंजावरचं झाकण उचललं. वास घेतला. भाजीचं झाकण उचललं. डब्यात हात घालून तांदूळ पाहिला. "मीठ कुठे ठेवता?" म्हणून विचारलं. सुमनबाईनं डोक्यावरचा पदर सावरत बरणी दाखवली. "ही झाकून ठेवत जा," तो म्हणाला. रागावला तिला. घरच्या माणसासारखा रागावला.

खोटं कशाला सांगू. मला तिला मिळालेल्या चांगल्या शेऱ्याचा हेवा नाही वाटला आधी. मला त्या रागावण्याचा हेवा वाटला. माझी मिठाची बरणी उघडी दिसली म्हणून त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. निदान त्यानं माझं झाकण तरी उचललं असतं.

आणि सुमनबाईचं स्वयंपाकघर कसं होतं ते मला माहीत होतं. पाटाखाली झुरळांची वस्ती. मोरी तुंबलेली. ओली फडकी कोपऱ्यात आठ-आठ दिवस. ती बाई वाईट नव्हती. कामाला एकटी, वर सासू आजारी. फिनेल संपलं की मागच्या दारानं माझ्याकडेच यायची. एकदा दारातून आत डोकावून म्हणाली, "तुयी जागा भल्ली साफ आहे वो बाई. मायावाली पाहशील त शिसारी येईन."

मी म्हटलं, "मंग साहेबाले सांग ना."

ती हसली. "मी कायले सांगू?" म्हणाली आणि शिशी घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात तिच्या नवऱ्यानं त्या शेऱ्याची नक्कल काढून काचेच्या चौकटीत लावली. 'स्वच्छता समाधानकारक.' गल्ल्याच्या वर, उदबत्तीच्या शेजारी. मी रोज पाणी भरायला जाताना ती चौकट पाहायची. नाही पाहायचं ठरवलं तरी मान तिकडे वळायचीच. गिऱ्हाईक तिच्याकडे गेलं की मोजायची. तिचं नवं लुगडं दिसलं की दिवस खराब जायचा. ती दारात केस विंचरत उभी राहिली तरी मला वाटायचं, मला दाखवायला उभी आहे.

मग मी ते केलं.

एका सकाळी पिंजऱ्यात मोठा उंदीर सापडला. बोडीकडे निघाले होते. वाटेत सुमनबाईच्या हॉटेलाची मागची बाजू. तिथे तट्ट्या कुजून खाली हातभर भोक पडलेलं. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पिंजऱ्याचं तोंड भोकाला लावलं आणि दार उचललं. शेपटी आत गेलेली दिसली. घरी येऊन मी गाणं म्हणत भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. महिनाभर मी हे केलं. एक दिवस सुमनबाई रडवेली होऊन आली. "पोते कुरतडले वो. तू काय औषध टाकतं, सांग ना मले." मी तिला बोरिकच्या गोळ्या दिल्या. त्या झुरळांच्या. उंदराला त्यानं काही होत नाही, हे मला ठाऊक होतं.

हे सांगायला मला आजही लाज वाटते. पण साहेबाचं सांगायचं आणि आपलं लपवायचं, असं मला जमत नाही.

दिवाळीनंतर साहेब पुन्हा आला. या वेळी आधी तिच्याकडे गेला. मी धावत जाऊन फटीला डोळा लावला. तो झाकण उचलतच होता, तेवढ्यात पिठाच्या डब्यामागून उंदीर निघाला आणि सरळ त्याच्या पायावरून गेला. सुमनबाई किंचाळली. आता लिही, मी मनात म्हटलं. आता लिही.

साहेब पाय झटकून हसला. "तुम्ही काय करणार बाई? हे शेजारून येतात," म्हणाला. आणि वहीत लिहिलं, समाधानकारक.

मग तो माझ्याकडे आला. म्हणजे सडकेवर उभा राहिला. 'उंदरांचा शेजारील हॉटेलास उपद्रव.' शिपायानं वही बाकावर टाकली. मी दुसऱ्यांदा सही केली. या वेळी मी चोर होते.

दोन दिवस मी जेवले नाही. त्याचं बोलणं खरं होतं. उंदीर माझ्याकडूनच गेले होते. पण ते त्याला कुठे माहीत होतं? त्यानं पाहिलं नव्हतं, विचारलं नव्हतं. मी उंदीर सोडले नसते, तरी तो हेच बोलला असता. त्याच्या पायावर उंदीर नाचला तरी सुमनबाई स्वच्छ. माझ्या चुलीवरून जीभ फिरवली तरी मी घाण. हे आधीच लिहून झालं होतं. वही नुसती नावापुरती.

आणि मी कुणाशी लढत होते? सुमनबाईशी. तिच्या लुगड्याशी. तिच्या पोत्यांशी. ज्याच्या हातात पेन होतं त्याला मी "साहेब, या ना" म्हणत होते, आणि जी बाई माझ्याकडे फिनेल मागायला यायची तिच्या घरात उंदीर सोडत होते. मला माझीच किळस आली. शाळेत बाई घाणेरडी म्हणायच्या तेव्हासुद्धा आली नव्हती, एवढी. त्या दिवसापासून पिंजरा पुन्हा बोडीवर जाऊ लागला. पण सुमनबाईला सांगायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्यांदा तो उन्हाळ्यात आला. बाकांवर चार-पाच ड्रायव्हर. आमचे हे सडकेला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होते. साहेबानं लिहिलं. शिपायानं वही टाकली. ती बाकावरून घसरून खाली पडली.

मी उचलली नाही.

"सही कर," साहेब म्हणाला.

"काय लिहिलं?"

"तुला काय करायचं? नेहमीचंच आहे."

"आत या. पाहा. मंग जे दिसन ते लिहा, मी सही करतो."

"मला शिकवतेस?"

आमचे हे ट्यूब तशीच टाकून आले. हळूच म्हणाले, "करून दे वो सही. कायले वाढवतं?"

मी म्हटलं, "दोनदा केली. आता नाही करत."

साहेबाचा आवाज चढला. "तुझ्या उंदरांनी शेजारच्या बाईचं नुकसान झालंय. साऱ्या लाखनीला माहीत आहे."

आवाज ऐकून सुमनबाई दारात आली होती. तिचा नवराही. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"हो," मी म्हटलं. "मीच सोडले उंदीर. पिंजऱ्यातून नेऊन सुमनबाईच्या मागं सोडले. एक महिना. जळत होतो मी तिच्यावर. ते लिहा साहेब, मी खाली सही करतो. पण माया चुलीपाशी उंदीर आहे, असं लिहायचं असन त आत येऊन दाखवा. तुमी एकडाव बी आत नाही आले."

सुमनबाईनं माझ्याकडे पाहिलं. तोंडाला पदर लावला आणि आत निघून गेली. तिचा नवरा शिव्या द्यायला लागला. त्या माझ्या हक्काच्या होत्या, मी ऐकून घेतल्या.

साहेब हसला. "बघा," ड्रायव्हरांना म्हणाला. "हिनं कबूल केलं. ही यांची जात."

मी खाली वाकून वही उचलली. शिपायाच्या खिशातलं पेन काढून घेतलं. तो बघतच राहिला. साहेबाच्या शेऱ्याखाली, सहीच्या जागी, मी मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'साहेब आत आले नाहीत. तीनदा आले नाहीत.' खाली माझं नाव. आणि वही त्याच्या हातात दिली. टाकली नाही. हातात दिली. त्याला ती धरावी लागली.

एक म्हातारा पंजाबी ड्रायव्हर उठला, ताट घेऊन मोरीवर गेला, स्वतः धुतलं आणि म्हणाला, "साब, मैं तो साल भर से अंदर हाथ धोता हूँ. आप भी देख लो." साहेबानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जीपमध्ये बसला आणि गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर लायसन रद्द झाल्याचा कागद आला. आम्ही चूल मोडली. हॉटेलाच्या आधी वळायची तशा मी परत बिड्या वळायला बसले. सुमनबाईकडे मी दोनदा गेले, माफी मागायला. तिनं दार उघडलं नाही. तिचा दोष नाही. आजही ती समोरून आली की मान फिरवते, आणि मी ते सोसते. तेवढं मी कमावलेलं आहे.

ते शेरे खोडा, असा अर्ज घेऊन मी भंडाऱ्याच्या ऑफिसात जायला लागले. पहिल्या दिवशी बाबू म्हणाला, "बाहेर बस." मी आत बसले. असे कितीतरी अर्ज झाले. शेवटी मोठ्या साहेबानं आम्हा दोघा नवरा-बायकोला बोलावलं. माणूस गोड होता. खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, कशाला भांडता? नवऱ्याच्या नावानं नवीन लायसन घ्या. नवी वही मिळेल, कोरी. जुनं विसरून जा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी तीन पोरं होती. ह्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला कळत होतं.

मी विचारलं, "अन् जुनी वही?"

"ती दफ्तरात राहील."

"त्यातला शेरा?"

"लिहिलेलं खोडता येत नाही बाई. तशी पद्धत नाही."

"मंग आमाले कोरी वही नाही पाहिजे," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर बसस्टँडवर हे एवढंच म्हणाले, "आता किती दिवस?"

किती दिवस ते मला सांगता आलं नाही. तेव्हा धाकटी मांडीवर होती, आता ती सातवीत आहे आणि माझे अर्ज तीच लिहिते. आधी मी सांगते, मग ती लिहिते, मग मी अक्षर लावून पूर्ण वाचते, तेव्हाच सही करते. मोठा साहेब बदलला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही बदलला. मी प्रत्येकाला एकच सांगते. मी काय केलं ते लिहा. उंदीर सोडले, लिहा. जळत होते, लिहा. त्याच्याखाली माझी सही घ्या. पण न पाहता लिहिलेलं एक अक्षरही मी माझ्या नावावर राहू देणार नाही.