उत्तरेकडचं ऊन

ऑफिसात त्याला सगळे ऊनवाला म्हणत. न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर करायची, ती फोटोइतकी खरी दिसली पाहिजेत, हा त्याचा धंदा. आणि त्यात उन्हाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नवी मंडळी भिंती पांढऱ्याशुभ्र करत, फरशी आरशासारखी चकाकवत आणि वर विचारत, खोटं का दिसतंय? ऊनवाला म्हणायचा, "अरे, घरात माणसं राहणार आहेत की भुतं? फरशीवर जरा पायांचे डाग टाका. कडीपाशी दाराचा रंग उडवा. आणि लाल गालिच्यावर ऊन पडलं की शेजारच्या भिंतीला लाली चढते, ती कुठंय?" लोक डोळ्यांत धूळ फेकतात, हा चित्रातल्या उन्हात धूळ सोडायचा. दोन्हींत फरक किती, हे तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही.

ऊन तो शिकला आईकडून. म्हणजे तिनं काही शिकवलं नव्हतं. जुन्या घरात सकाळी उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडे आणि आई त्यात पाय पसरून बसे. संधिवातानं तिचे पाय लाकूड झालेले. ऊन सरकलं की आई सरकायची, आणि तिच्यामागून चटई, चहाचा कप, निवडायची भाजी, सगळं बिऱ्हाड. "तुझ्या बापानं दिली नाही एवढी साथ देतंय बघ," असं म्हणून स्वतःच हसायची. पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी त्या चौकोनाची कड तिला पायांनी कळे.

मग एका मोठ्या इमारतीचं काम आलं. जागेवर तेव्हा नुसता खड्डा होता. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. नकाशाप्रमाणे सूर्य ठेवला तर खोली ओल्या फडक्यासारखी निळसर, मलूल दिसायची. आर्किटेक्ट मागं येऊन उभा राहिला. "काय रे, मयताची खोली आहे का ही? सूर्य फिरव की!" कॉम्प्युटरात सूर्य फिरवायला एक बोट पुरतं. त्यानं फिरवला. सूर्य उत्तरेला उगवला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मग तो त्या खोलीत असा रमला, की महिनाभर तिथंच राहायला गेला म्हणा ना. खाटेवरच्या चादरीला सुरकुत्या घातल्या, उशीला डोक्याचा खळगा पाडला, खिडकीच्या काचेवर बोटांचे ठसे उमटवले. आणि खाटेच्या पायथ्याशी आईचा तो चौकोन टाकला. त्याची कड किंचित मऊ ठेवली, कारण खऱ्या उन्हाची कड कधी सुरीनं कापल्यासारखी नसते. चित्र बिल्डरच्या जाहिरातीत छापून आलं, लोकांनी वाखाणलं, आणि तो पुढच्या कामाला लागला.

वर्षभरानं, इमारत अजून अर्धीच उभी असताना, त्याची थोरली बहीण तेच चित्र घेऊन आली. भावोजी गेल्यापासून ताई आईकडेच राहायची आणि आईचं सगळं तीच करायची. हा रविवारी येऊन सल्ले देऊन जाणारा. जुन्या घराचा जिना आता आईला झेपत नव्हता.

"हे तुझंच काम ना?" ताईनं विचारलं. "मी बघताक्षणी ओळखलं. आईचंच ऊन आहे रे हे. जुनं घर विकून हे घ्यावं म्हणते. पण खरं सांग, ऊन येतं ना त्या खोलीत?"

इथं तो खोटं बोलला असता तर बरं होतं. चार शिव्या घालून आपण मोकळे झालो असतो. पण तो खोटं बोललाच नाही. त्यानं क्षणभर डोळे मिटले आणि त्याला ते ऊन दिसलं. राहून आलेल्या माणसासारखा तो म्हणाला, "येतं की! सकाळभर असतं. खाट खिडकीला लावून ठेव, बरोबर आईच्या पायांवर येईल." सूर्य आपणच फिरवला होता, हे तो साफ विसरला होता.

जुनं घर विकलं, इमारत पुरी झाल्यावर सोडलं, आणि घेणाऱ्यानं ते पाडलंसुद्धा. नव्या घरात ताईनं चित्र समोर धरून खाट लावली. पहिल्या सकाळी आईनं पायांवरचं पांघरूण काढलं. "आलं का गं?" "येईल एवढ्यात." आंघोळी झाल्या, जेवणं झाली. "आलं का गं?" शेवटी ताईनं भावाला फोन लावला. "किती वाजता येतं रे?"

"थांब, बघून सांगतो," म्हणत त्यानं जुनी फाइल उघडली. कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण होता, आणि सूर्य नेमका त्याच अंगाला. संध्याकाळी येतो, एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी जाऊन त्यानं दारातच ताईला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर त्याला चाललं असतं. ती हळू म्हणाली, "बिल्डर विकायला बसलाय, तो काहीही म्हणेल. म्हणून मी तुला विचारलं होतं." आणि मग, "आईला सांगितलंय, ढग आलेत. तू काही बोलू नकोस. तिला घेऊन आता मी कुठं जाऊ?" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ताई त्याच्याशी कामापुरतं बोलायची, पुढे तेही नाही. आंधळ्या माणसाला घरातलं न बोलणं सगळ्यांत आधी ऐकू येतं.

ढग काही हटेनात. आईचे पाय सुजले, ती झोपेत कण्हू लागली. तेव्हा ऊनवाल्यानं त्याला येत होतं तेच केलं. खिडकीच्या वर, पडद्याच्या दांडीपाशी मोठा हॅलोजनचा दिवा बसवला आणि तो खाटेच्या पायथ्याशी रोखला. सकाळी आपोआप लागेल, दुपारी विझेल, अशी सोय केली. इतकंच नाही, पिवळा कागद लावून उन्हाचा रंगही जुळवला. आंधळ्या बाईसाठी! सवय जात नाही, दुसरं काय. आई म्हणाली, "आलं गं बाई एकदाचं." ताई भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मग कामं निघाली, आणि ताईचं तोंड चुकवायलाही ती बरीच होती. त्याचं जाणं लांबलं. एका सकाळी, ताई कामावर गेल्यावर, आपल्याकडच्या किल्लीनं त्यानं दार उघडलं. खोली निळसर होती, त्यानं पहिल्यांदा केली होती तशीच. आई पाय उघडे टाकून पडली होती.

"कोण, तू? ये, इथं उन्हात बैस."

त्यानं वर पाहिलं. दिवा बंद होता. हात लांबवून त्यानं तो चाचपला. काच आतून काळी पडलेली, गार, आणि वर बोटाला लागेल एवढी धूळ. कधीचा गेला होता कोण जाणे. तो खाटेच्या कडेला टेकला.

"कसं आहे ऊन, आई?"

"छान आहे रे. अगदी जुन्या घरासारखं," आई म्हणाली. "मी ताईला रोज सांगते, येतंय ऊन, पोरगा काही खोटं बोलला नव्हता. आता बोल म्हणावं त्याच्याशी."

त्यानं तिचे पाय मांडीवर घेतले. ते बर्फासारखे गार होते. थोड्या वेळानं आई म्हणाली, "सरकलं बघ. मला जरा अलीकडे घे."

आणि त्यानं तिला अलीकडे घेतलं.