तेलगावची म्हशीएवढी घोरपड

हजारो वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात जीपएवढ्या घोरपडी होत्या, मेगालेनिया नावाच्या. आता एकही उरलेली नाही म्हणतात. मला ते आजवर पटलेलं नाही. म्हणून कॉलेजात असताना हॉस्टेलमध्ये माझ्याबरोबर राहिलेल्या किसनला मी फोनवर विचारलं, "तुमच्याकडे मोठ्यात मोठी घोरपड केवढी रे?"

फोन खरखरत होता. "आमच्या बांधावर म्हशीएवढी हाय बे! अंगाला काटे. पाण्याबिगर जगती, कापली तरी मरत न्हाई."

मी बॅग भरायला घेतली. बायको म्हणाली, "ही शेवटची खेप. या वेळीही काही निघालं नाही, तर घरात घोरपडीचं नाव काढायचं नाही." जेवताना माझ्याकडे दुसरा विषयच नसतो, तरी मी कबूल झालो.

पुण्याहून जामखेडमार्गे बीड, तिथून माजलगावची एसटी. वडवणीला गाडी थांबली तर भजी खा, स्वस्त आणि गरम. उन्हाळ्यात टोपी न्या. मी दुर्बीण नेली, मोजपट्टी नेली, टोपी विसरलो.

तेलगावला किसन मोटारसायकल घेऊन आला. "एवढं सामान कावून?"

"पळाली तर?"

"ती कुटं पळती बे?"

म्हातारी, सुस्त असणार! मी हरखलो. शेत आल्यावर उसाच्या सरीतून रांगत निघालो. पात्यांनी हात सोलवटले. किसन बांधावरून आरामात चालत होता. तेवढ्यात त्याच्या आईचा आवाज आला.

"पावण्याला काय झालं रं?"

"कोरपड बघायला आलाय."

"मग रांगत कावून?"

मी मान वर केली. समोर कोरफड. काटेरी, हिरवीगार, खरंच म्हशीएवढी. त्यानं घोरपडीची कोरपड ऐकली होती आणि मी कापली तरी न मरणारा प्राणी शोधायला आलो होतो. किसन हसून हसून खाली बसला. मला मात्र रडू येत होतं.

आईंनी भाकरी-ठेचा वाढला. मी हळूच खऱ्या घोरपडीचं विचारलं.

"पयले लई व्हत्या बांधाला," त्या म्हणाल्या. "औंदा एक बी दिसली न्हाई."

जीपएवढी नसल्याचं दुःख करत आलो होतो; हातभर लांबीचीही नाही हे ऐकून मी मोजपट्टी बॅगेच्या तळाशी सारली.

घरी बायकोनं पिशवीतलं रोप पाहिलं. "हे काय?"

"किसनच्या आईंनी दिली. कोरपड."

"परत सुरू?"

मग पान मोडून तिनं माझ्या भाजलेल्या नाकाला गर लावला. जेवताना मी शब्द पाळला, भात चिवडत बसलो. शेवटी तीच कंटाळली. "बोल. पण हात पसरून लांबी दाखवायची नाही."

मी आईंचं वाक्य तेवढं सांगितलं.

तिचा घास हातातच राहिला. "एकही नाही?"

इतक्या वर्षांत घोरपडीबद्दल तिनं मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.